सभा अर्धा तास तहकूब

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेची नोटीस ज्यानं कुणी पहिल्यांदा लिहिली, त्याला माणसाच्या स्वभावाची पुरती जाण असली पाहिजे. विषयपत्रिका संपली की खाली बारीक अक्षरांत एक टीप असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे कुणी येणार नाही, हे दोन आठवडे आधीच छापून तयार. लग्नपत्रिकेतच 'नवरदेव न पोचल्यास अर्ध्या तासाने त्याच मांडवात नवरदेवाविना अक्षता पडतील' असं छापावं, त्यातला प्रकार.

आणि गणसंख्या तरी केवढी? एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा लहान तो. चारशे फ्लॅटांच्या संकुलात वीस डोकी! पाण्याचा टँकर उशिरा आला तर याच्या दुप्पट माणसं पाच मिनिटांत खाली जमतात. सभेला मात्र सचिव, खजिनदार, दोन निवृत्त बँकवाले आणि समोशाच्या वासानं आलेली कुणाची तरी पोरं. साडेदहाला मागचं इतिवृत्त कायम, पावणेअकराला हिशेब मंजूर, अकराला 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' आणि सव्वाअकराला समोसा. दर वर्षी 30 सप्टेंबरच्या आत महाराष्ट्रात हे असं लोकशाहीचं श्राद्ध होतं.

बीदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडच्या माणसाला पुण्यामुंबईच्या सोसायट्यांची उठाठेव कशाला, असं कुणी विचारील. तर आमच्या गावची पोरं हुमनाबादला जाऊन एकदा राष्ट्रीय महामार्ग 65 ला लागली की परत वळत नाहीत. पूर्वेला तोंड केलं तर हैदराबाद, पश्चिमेला केलं तर सोलापूरवरून पुणं. तूरडाळ, ज्वारी आणि भाऊबंदकी पोचवायला मागून आम्ही जातो. माझा पुतण्या पुण्यात बाराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या फाटकाशी सुरक्षारक्षकानं वही पुढं केली.

"कुठून आलात?"

"हळ्ळीखेड बी."

"बी विंग? फ्लॅट नंबर सांगा."

डोक्यावर डाळीचं गाठोडं घेऊन मी दहा मिनिटं त्या माणसाला बीदर जिल्ह्याचा भूगोल शिकवला. शेवटी त्यानं माझा फोटो काढून ॲपवर पुतण्याला पाठवला आणि पुतण्यानं बाराव्या मजल्यावरून मला मंजुरी दिली. सख्ख्या चुलत्याला मंजुरी! याच पोराला मी पाठुंगळी घेऊन शाळेत सोडत होतो.

वर गेल्यावर त्यानं देखभालीचं बिल दाखवलं. ते वाचायला मला आमच्या तलाठ्याच्या उताऱ्याइतकाच वेळ लागला, पण एकेक ओळ मजेची आहे. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. लिफ्टचा खर्च सर्वांना सारखा, मग तळमजल्यावरच्या आजीबाईंनी जन्मात लिफ्टचं दार उघडलेलं नसेना का. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. घर भाड्यानं दिलं तर बिनभोगवटा शुल्क, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, असा शासनाचा 2001 सालचा निर्णय. घर विकताना हस्तांतरणाचं प्रीमियमही त्याच वर्षीच्या निर्णयानं 25 हजारांवर अडवलेलं. आता ही तरतूद कशासाठी करावी लागली, ते चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. त्यावरची रक्कम 'स्वखुशीची देणगी' म्हणून घेतली जाते. आमच्याकडं देवाला देणगी देताना माणूस निदान कपाळाला गंध तरी लावून घेतो.

नियमावलीत जे नाही ते फलकावर असतं. आदर्श उपविधींत भाडेकरू ठेवायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, आधी कळवून कराराची प्रत दिली की झालं. फलकावर मात्र 'अविवाहितांस जागा देऊ नये'. कामवाल्या बायांनी, डिलिव्हरीच्या पोरांनी मागची लिफ्ट वापरावी. आमच्याच गल्लीतली एक बाई तिथं चार घरची धुणीभांडी करते. तिला या फलकाबद्दल विचारलं तर म्हणाली, "मामा, मोठ्या लिफ्टीत माजा हात लागला तर बाटतंय म्हणं. त्याच हातानं घासल्याल्या ताटात सगळेच जेवायलेत की." तिची ही सूचना आयत्या वेळच्या विषयांत घ्यावी, असं मी पुतण्याला सुचवलं. तो म्हणाला, "काका, मी मीटिंगला जात नाही. पॉलिटिक्स असतं."

हे खरं दुखणं. सोसायटीची कमिटी म्हणजे हुकूमशाही, असं म्हणणं फार सोपं आहे. हुकूमशहाला निदान सत्ता हिसकावून घ्यावी लागते. इथं ती जिन्यात पडलेली असते, पाय लागून कुणी धडपडू नये म्हणून एखादा निवृत्त माणूस उचलून घरी नेतो. पुढं ती त्याला आवडायला लागते, हा भाग वेगळा. कायदा सभासदाला हिशेब पाहू देतो, इतिवृत्त पाहू देतो, शुल्क भरून प्रती देतो. त्या प्रती मागणारा सभासद मात्र संकुलात 'तो विक्षिप्त गृहस्थ' म्हणून ओळखला जातो. बाकीचे व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला क्रांती करतात. सकाळी सचिव लिफ्टमध्ये भेटला की "उत्तम चाललंय हो तुमचं."

निजामाचं राज्य घालवायला 1948 साली आमच्या भागात फौज आणावी लागली होती. सोसायटीच्या अध्यक्षाला हिशेबाला धरायला रविवारी सकाळी वीस माणसं खाली उतरली तरी पुरे. फौज आली. वीस माणसं काही उतरत नाहीत.

उतरतात कधी, तर पुनर्विकासाला. त्या सभेला 2019 च्या शासन निर्णयानं दोन तृतीयांश गणसंख्या घातली आणि एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती. तिथं कुणाला बोलवावं लागत नाही. गुडघेदुखीवाले चौथ्या मजल्यावरून न धरता उतरतात, अमेरिकेतला मुलगा पहाटे तीनला स्क्रीनवर डोळे चोळत हजर, आणि ज्याला वीस वर्षांत सचिवाचं नाव माहीत नव्हतं तो चटईक्षेत्राचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो. चौरस फूट वाढणार असले की लोकशाहीही वाढते.

वास्तविक सोसायट्यांची सुरुवात अशी नव्हती. बंगळूरची इमारत बांधणारी सहकारी संस्था 1909 सालची, देशातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. मुंबईत गामदेवीला श्रीपाद सुबराव तल्मकी यांच्या पुढाकारानं 1915 साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. कानडी मुलखातून नोकरीसाठी मुंबईत आलेली ही मंडळी, घरी एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. म्हणजे थेट आमचीच गत. भाड्याच्या खोल्यांत घरमालकाची मर्जी सांभाळून कंटाळली आणि एकत्र येऊन आपणच आपले मालक झाली. शंभर वर्षांत प्रगती एवढीच की घरमालकाची मर्जी गेली आणि तिच्या जागी कमिटीची आली.

आमच्या कर्नाटकात मालकांच्या संघटनेसाठी 1972 चा अपार्टमेंट मालकीचा कायदा आहे, 1959 चा सहकारी संस्थांचा आहे, 1960 चा संस्था नोंदणीचा आहे. आपल्या इमारतीला यांतला कोणता लागू, या प्रश्नावर बंगळुरात कित्येक वकिलांचे स्वतःचे फ्लॅट झाले. हळ्ळीखेडला इमारती नसल्यामुळं आम्ही त्या पापातून सुटलो असं वाटत होतं. तेवढ्यात गावाबाहेर लेआउट पडले.

लेआउटचं शास्त्र सोपं. कागदावर तीस फुटी रस्ते, गटारं, दिव्याचे खांब आणि हिरव्या रंगात उद्यान. प्रत्यक्षात उद्यानाच्या जागी तुराट्यांची वळई, तिच्या सावलीत एक म्हैस. रस्ते आणि उद्यान लेआउटवाल्यानं नगरसंस्थेच्या ताब्यात द्यायचं असतं. ते दिलं नाही तोवर गटार नगरसंस्थेचं नाही, साईटी विकून झाल्यावर ते लेआउटवाल्याचंही नाही. मग ते कुणाचं? डासांचं. त्यात 2025 साली सरकारनं शहरांतल्या अनधिकृत लेआउटांतल्या मालमत्तांना 'बी खाता' हा नोंदीचा कागद द्यायची मोहीम काढली. गावाच्या नावात बी होतंच, आता घराच्या कागदावरही आलं.

तेव्हा आम्हीही रहिवाशांचा संघ काढला. नोंदणीला किमान सात माणसं लागतात. आमच्याकडं एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, सल्लागार आणि एक गौरवाध्यक्ष एवढी पदं वाटून झाल्यावर साधे सभासद दोनच उरले, त्यांतला एक हैदराबादला राहतो. पहिल्या सभेत गटाराचा विषय निघायच्या आत फलकाचा निघाला : कन्नड वर की मराठी वर, आणि उर्दू कुठं? दीड तास झाला. शेवटी फलक इंग्रजीत लिहायचं ठरलं, म्हणजे कुणालाच धड वाचता येऊ नये यावर एकमत. शिक्का बनवून आला. पावतीपुस्तक छापून आलं. गटारासाठी उपसमिती नेमली. तिचा अध्यक्ष म्हशीचा मालक आहे, कारण जागेवर तोच असतो.

दुसऱ्या सभेला पाच जण आलो. सचिवानं वही फिरवली, पानाच्या तळाशी हजेरीच्या सह्या घेतल्या. वरचं सगळं पान कोरं होतं. मी विचारलं, इथं काय लिहिणार? तर म्हणाले, "गुरुजी, ते मागून भरून घेऊ की, तुमी निसतं सही करा." पुण्याला निदान नोटिशीत छापतात. आठवड्यानं वही पाहिली तर माझ्या सहीच्या वर वार्षिक वर्गणी दुप्पट करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झालेला होता, सूचक म्हणून माझंच नाव.

लेआउटातल्या सर्व साईटधारकांना विनंती की वर्गणी अवश्य द्यावी, पावती मागून घ्यावी आणि वहीत सही करण्याआधी वरचं पान भरलेलं आहे का, ते चष्मा लावून पाहावं.