बाज करा: नवशिक्यांसाठी सोपी कृती

'बनी तो बनी, नाहीतर परभणी' ही म्हण घरच्या सुतारकामाला तंतोतंत लागू पडते. तेव्हा सुरुवात बाजेपासूनच करा.

साहित्य: बाभळीचं जून लाकूड, करवत, रंधा, पटाशी, गुण्या, खतावणी, अंबाडीचा सुंभ आणि सल्ला. सल्ला आणायला जावं लागत नाही. पटाशीवर पहिला ठोका पडला की गल्ली घरपोच देते. खिळे आणि फेव्हिकॉल घरात असतील तर लपवा. तिसऱ्या पायरीला मोह होतो.

मार्गदर्शन: परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथं तुरीचं बियाणं मिळेल, बाजेची कृती मिळणार नाही. ती सुताराकडे आहे. पण मिरगाच्या तोंडावर त्याच्या दारात तिफणी-वखरांची रांग असते. तेव्हा विचारायला गेलात तर तो हातातलं वाकस खाली न ठेवता उत्तर देईल.

पायरी १, मुहूर्त: काम मे महिन्यात काढा. पारा ४४ अंशांवर जातो, लाकूड कडक वाळतं. श्रावणात ओल धरून फुगलेल्या लाकडाचा सांधा कितीही घट्ट बसवा, पुढच्या उन्हाळ्यात खुळखुळतोच. मे महिन्यात माणूसही वाळतो, पण त्याला इलाज नाही.

पायरी २, खुणा: चार पाय, चार दांड्या. दांडीच्या दोन्ही टोकांना कुसू, पायात त्याच मापाचं भोक; एकूण आठ सांधे. गुण्या लावून खतावणीनं रेघ ओढा. करवत रेघेच्या आत घुसली तर पाचर लागेल. बरोबर रेघेला लागून चालली तर तुम्ही नवशिके नाही. हा लेख शेजाऱ्याला द्या.

पायरी ३, विंधणं: प्रत्येक पायात दोन बाजूंनी दोन दांड्यांची टोकं शिरतात आणि आत एकमेकांना आडवी येतात. एकाला खाच पाडून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. भावकीत जे पिढ्यान्‌पिढ्या जमलं नाही, ते इथं दोन बोटं रुंदीच्या भोकात जमवायचं आहे. सांधा ढिला राहिला तर पाचर मारा. पाचर मारणं आपल्याकडे सगळ्यांनाच येतं. लाकडात मारणं तेवढं नवीन.

पायरी ४, विणणं: बाज हलते म्हणून घाबरू नका. सुंभ ताणून विणत गेलात की तो लांब दांड्यांना आत ओढतो, दांड्यांबरोबर पाय सरकतात आणि आडव्या दांड्यांच्या खांद्यांवर घट्ट येऊन बसतात. खिळा लागत नाही तो यामुळेच. विणकाम ढिलं पडलं की सांधाही ढिला, म्हणून सुंभ अधूनमधून ओढून घ्या.

पायरी ५, चाचणी: बाज फरशीवर ठेवा. तीन पाय टेकतील, चौथा अधांतरी राहील. करवतीला हात लावू नका. उंच पाय कापला की दुसरा उंच होतो, आणि कापता कापता बाजेचा पाट होतो. त्यापेक्षा बाज अंगणात टाका आणि वर पाहुणा बसवा. वजन पडलं की सांधे थोडं वळण घेतात आणि चौथा पाय टेकतो. नाहीच टेकला, तर पाहुणा बदला.