टॅपेटवाले काका

बालाघाटातल्या कुठल्याही मोहल्ल्यात हे काका भेटतात. भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले, दारात लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट. त्यांच्या लेखी माणसांच्या दोनच जाती: टॅपेट हाताने लावणारे आणि कंपनीच्या भरवशावर जगणारे.

रविवारी सकाळी इंजिन थंडगार असताना काका उजव्या अंगाचं टॅपेट-कव्हर उघडतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणतात, दोन बोटांत पुशरॉड धरून फिरवतात. "फिरला पाह्यजे, पण वर-खाली हालला नाही पाह्यजे," हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय लॉकनट कसला जात नाही. पोट्टं सापडलं नाही तर चहा घेऊन आलेल्या काकूंना ऐकावं लागतं. काकूंना आता टॅपेट लावता येतात.

2009 साली बुलेटच्याच कंपनीची क्लासिक हायड्रॉलिक टॅपेट घेऊन आली. वॉल्व्हची फट तेलाच्या दाबानं आपोआप भरणार, टकटक बंद. काकांना ते व्यक्तिशः लागलं. "काऊन बे, रेसच्या इंजिनात हायड्रॉलिक टिकते का? फेरे वाढले का लिफ्टर तेलानं फुगते, वॉल्व्ह पुरा बंदच होत नाही!"

मुद्दा बिनतोड आहे. वेगात पळणाऱ्या इंजिनांना सॉलिड लिफ्टर याच कारणानं देतात. फक्त काकांची बुलेट 346 सीसीची, 5625 फेऱ्यांवर कागदोपत्री 18 अश्वशक्ती, आणि रस्त्यावर काका चाळिशीच्या पुढे जात नाहीत. वैनगंगेच्या पुलावर सायकलवाला त्यांना "चला काका" म्हणून पुढे निघून जातो.

2020 साली मीटिओर आली आणि तिच्यात कंपनीनं हायड्रॉलिक सोडून दिलं. काकांनी शेजाऱ्यांना पोहे-जिलेबी खाऊ घातली. "आली ना कंपनी लाईनवर!"

पुढं पुतण्यानं ती गाडी घेतली. काका पाने घेऊन थाटात बसले आणि उजव्या अंगाला कव्हर शोधू लागले. कव्हर नव्हतं, पुशरॉडही नव्हते. कॅमशाफ्ट थेट डोक्यावर चढून बसलेली. पुतण्या म्हणाला, "काका, इथं फीलर गेज लागते. बोटानं नाही समजत."

काका बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले. मग पाने गोळा करत निकाल दिला, "जिथं माह्यं बोट नाही चालत, ते हायड्रॉलिकच समज."