झोपेचा पारा

नागपुरात झोप न येण्याला कुणी आजार मानत नाही. मे महिन्यात तर अख्खं गावच जागं असतं. कूलरच्या टाकीत पाणी उरलंय का, खसच्या ताट्या सुकल्या तर नाहीत, वीज गेली तर गाद्या गच्चीवर न्यायच्या का, अशा विचारांत रात्र सहज सरते. लहानपणी संध्याकाळ झाली की आम्ही गच्चीवर पाणी शिंपडायचो. दिवसभर तापलेली फरशी दीर्घ सुस्कारा टाकायची. आजी सुती चादर भिजवून, पिळून अंगावर घालायची आणि सप्तर्षी मोजता मोजता चौथ्या ताऱ्यापाशीच डोळा लागायचा. तेव्हा झोप घरच्या माणसासारखी न विचारता यायची. हल्ली अक्षता देऊन आवतण केलं तरी फाटकातूनच परतते.

आठवड्यातून तीन रात्री आणि सलग तीन महिने असं चाललं की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश म्हणतं. ही पात्रता पदरी पडल्यावर मी महालातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. ‘‘काय भाऊ, झोप नाही येऊन राहिली का?’’ एवढं विचारून त्यांनी नाडी धरली, ती बहुधा माझ्या समाधानासाठीच. गोळीचा विषय त्यांनी हसून टाळला. अल्प्राझोलामसारख्या गोळीची नोंद औषधवाल्याला तीन वर्षं जपून ठेवावी लागते. माझी झोप माझ्याकडे नसली तरी कुणाच्या तरी वहीत सुखरूप राहील, ही कल्पना मला भारी आवडली होती. पण डॉक्टरांनी लिहून दिलं ते भलतंच : दुपारची वामकुक्षी बंद. रोज एकाच वेळी उठायचं. झोप आली नाही तर पलंग सोडून बाहेरच्या खोलीत बसायचं. आणि कमाल म्हणजे, पलंगावरचा वेळच कमी करायचा! उपाशी माणसाला अर्धी पोळी वाढावी तसा हा न्याय. पण अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही 2016 मध्ये गोळीच्या आधी याच वाटेने जायला सांगितलं आहे म्हणे. घरी बायकोने त्याला चरकाची जोड दिली. झोप न येणाऱ्याला म्हशीचं दूध हितकर, असं चरकसंहितेत आहे हे कळताच तिने गवळी बदलला.

शिवाय झोपेची वही लिहायची होती. मी लिहिलं, ‘रात्रभर टक्क जागा.’ शेजारी बायकोच्या अक्षरात नोंद होती, ‘दोन ते पाच घोरत होते.’ डॉक्टरांनी दोन्ही साक्षी शांतपणे वाचल्या आणि 30 मे 2024 ची आठवण काढली. त्या दिवशी हवामान खात्याच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने नागपूरचं तापमान चक्क 56 अंश दाखवलं होतं. पुढे खात्यानेच सांगितलं, संवेदक बिघडला होता. ‘‘गरमी खरीच होती,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आकडा तेवढा वाढीव होता. जागरणाचंही तसंच आहे. मोजणाराच अर्धवट झोपेत असतो.’’

मग वहीवर बोट ठेवून ते थबकले. माझी पहिली जाग रोज अकराच्या सुमाराची होती. ‘‘पोराची गाडी यायची ना या वेळेला?’’ त्यांनी विचारलं. पोरगा गेल्या पावसाळ्यात नोकरीसाठी पुण्याला गेला. कान मात्र अजून फाटकाच्या कडीवर ड्यूटी करत होते. त्याचं पहिलं इंजेक्शन याच टेबलावर झालं होतं, तेव्हा हे निदान करायला त्यांना यंत्र कशाला लागेल? औषधाच्या कागदावर शेवटची ओळ त्यांनी लिहिली, ‘रात्री साडेनऊला फोन. जेवलास का विचारणे. झोपतोस केव्हा, हे विचारू नये.’

आता साडेनऊला फोन होतो. तो जेवण झाल्याचं सांगतो. मागून प्रेशर कुकरची पहिली शिट्टी ऐकू येते. मग तोच विचारतो, ‘‘बाबा, झोप लागते ना आता?’’ मी म्हणतो, ‘‘मस्त!’’ दोन्हीकडचे संवेदक जरासे बिघडलेले असतात, आणि दुरुस्तीची घाई कुणालाच नसते.