इसम मिळून आला!

गेल्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री पुण्यातल्या एका चौकात नाकाबंदीत आमची स्कूटर बाजूला घेतली गेली. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. पुण्यात संशयाला तेवढं पुरतं.

हवालदारांनी लायसन्सवरचं नाव मोठ्याने वाचलं. शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात बजावणी राहिलेल्या वॉरंटांची यादी होती आणि महिनाअखेर होती. बोट यादीवरून सरकत एका ओळीवर थांबलं. "काका, तुमच्या नावाने वॉरंट आहे."

२००९ साली नो-एंट्रीत शिरल्यावर, पावती फाडण्याऐवजी मी बाणेदारपणे "कोर्टात बघू" म्हणालो होतो. कोर्टाने बघितलं, मीच गेलो नाही. समन्स जुन्या भाड्याच्या घरी जाऊन परत आलं. शेरा होता, 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही.' मिळकतकराच्या बिलाला हाच इसम नव्या पत्त्यावर दरवर्षी बिनचूक मिळून येत होता.

घरी फोन केला. "अहो, व्हिडिओ कॉलवर आहेत का ते? डिजिटल अरेस्ट असेल! एक पैसा पाठवू नका." म्हटलं, समोर उभे आहेत. "मग खरे आहेत का बघा!" तिचंही बरोबरच होतं. खोटं वॉरंट हल्ली राजमुद्रेसह रंगीत पीडीएफमध्ये दोन मिनिटांत येतं. खरं पिवळं पडून, घडीवर फाटून, आरामात येतं.

वॉरंट दाखवा म्हणायचा हक्क कायद्याने दिला आहे. तो मी बजावला, मग त्यांनी वॉरंट बजावलं. न्यायाधीशांची सही, कोर्टाचा शिक्का, आणि देवाच्या कृपेने 'जामीनपात्र'. पुढे लिहिलं होतं, 'वय ३४'. मला अजून चौतिशीचा समजणारा जगातला तो एकमेव कागद. क्षणभर अटक व्हावीशी वाटली.

आपल्याकडे पीयूसी संपते, विमा संपतो, लायसन्स संपतं, गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. डांबरी रस्ता पहिल्या पावसात संपतो. वॉरंट मात्र बजावलं जाईपर्यंत किंवा ते काढणारं कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत. ज्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पोटी ते जन्मलं, ती १ जुलै २०२४ ला निवर्तली आणि नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. लेकरू आईच्या पश्चातही ठणठणीत. हे वॉरंट काढणाऱ्या हातांना रस्त्यांची कंत्राटं का देत नाहीत?

रात्री शेजाऱ्यांना झोपेतून उठवून जामीनदार केलं. सोमवारी कोर्टात वकीलपत्र, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, गुन्हा कबूल. त्या काळच्या कायद्याप्रमाणे दंड शंभर रुपये. वकिलांची फी तीन हजार. शेजाऱ्यांना अजून किती वेळा जेवायला बोलवावं लागेल, ते हुकुमात नमूद नाही.

"रद्दच्या हुकुमाची नक्कल गाडीतच ठेवा," कोर्टातला शिपाई म्हणाला, "यादीतून नाव निघायला वेळ लागतो."

ठेवली. काल त्याच चौकात त्याच हवालदारांनी ती नक्कल शिक्क्यासकट वाचली, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "पीयूसी?"

परवाच संपली होती.

"बोला काका, पावती फाडू, की कोर्टात बघताय?"