हातासरशी अण्णा

नगरहून मनमाड रस्त्यानं निघून सीनेवरचा पूल ओलांडला की नागापूर, आणि त्याला लागूनच एमआयडीसी. इथल्या कुठल्याही चौकात उभं राहून "अण्णा" अशी हाक मारली तर चार-पाच जण तरी वळून बघतात, आणि त्यातल्या एकाची तरी शेड अर्धवट असते. आपले अण्णा ते. प्रत्येकाचं खरं नाव वेगळं, पण फॅब्रिकेशनवाले, गवंडी आणि वायरमन यांनी सगळ्यांना मिळून एकच नाव पाडलंय: हातासरशी अण्णा.

माणूस वाईट नाही. उचल मागितली तर नाही म्हणत नाहीत, चहा तर दिवसातून तीनदा. दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन यांच्या जोरावर अण्णांनी वर्कशॉप उभं केलंय, मोठ्या कंपन्यांचे जॉब करून देतात, आणि आता मागच्या मोकळ्या जागेत नवी शेड बांधायला काढलीय. अडचण एवढीच की अण्णांच्या डोक्यात शेड आणि शेडचं काम या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आपल्याकडे हा फरक कुणाला शिकवावा लागत नाही. माणूस रोजंदारीवर लावला की हिशेब दिवसाचा, उक्तं दिलं की हिशेब वस्तूचा. उक्त्यात शेड उभी राहिली की पैसे, मग मिस्त्रीला चार दिवस लागोत की चौदा. रोजंदारीत दिवसभर जे सांगाल ते करायचं आणि संध्याकाळी हजेरी घ्यायची. अण्णांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच ते ठरवताना उक्तं ठरवतात आणि राबवताना रोजंदारीनं राबवतात.

कागद स्वच्छ असतो. चाळीस बाय साठची शेड, कैच्या, पर्लिन, वर पत्रा, कडेला पन्हाळ, पुढं एक रोलिंग शटर. रक्कम एकरकमी, खाली सही. तिसऱ्या दिवशी वेल्डर शिडीवर चढला की अण्णा खाली येऊन उभे राहतात, हात मागं बांधून, मान वर करून.

"मिस्त्री, मशीन लागलेलंच आहे ना? मग हातासरशी टाकीचा स्टँड करून टाका की."

टाकीनंतर बोअरच्या स्टार्टरला पिंजरा. मग गाड्या लावायला चार पत्र्यांचं छप्पर. मग, शटरवाला आलेलाच आहे तर, घरच्या दुकानाचं जुनं शटर जरा हलकं करून द्यायचं. अण्णांचं अर्थशास्त्र असं: मशीन आलेलं, माणूस आलेला, वीज माझी, मग लागणार काय? दोन रॉड! मिस्त्रीला मात्र त्या दोन रॉडांमागं अँगल दिसतो, कटिंग दिसतं, ग्राइंडिंग, रेडऑक्साइडचा हात, दोन माणसांचा अर्धा दिवस आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सकाळपासून वाजणारा फोन.

अण्णांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. कागदावर "पन्हाळ" लिहिलं होतं, पन्हाळीतून खाली येणारा पाइप लिहिलेला नव्हता. पहिल्या पावसात पन्हाळ भरली आणि पाणी थेट शेजाऱ्याच्या पॅनलवर. शेजारी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, दुरुस्तीसाठीच, पण अण्णा दोन पावलं मागं सरकले. मिस्त्री म्हणाला, "पाइप कागदात नाही, एक्स्ट्रा लागेल." इथं मिस्त्री चुकला, हे माझं स्पष्ट मत. पाणी खाली न्यायचं नसेल तर पन्हाळ काय तोरण म्हणून बांधायची? जी वस्तू ठरली ती नीट चालावी म्हणून लागेल ते सगळं करणं हे उक्त्यातच आलं, लिहिलेलं असो-नसो. टाकीचा स्टँड ही नवी वस्तू, पाइप हे जुन्याच वस्तूचं काम. पण अण्णांनी दोन्ही एकाच दमात फुकट मागितलं आणि मिस्त्रीनं दोन्हीचं एकाच दमात बिल लावलं. सलग तीन दिवस दोघं आपापल्या जागी बरोबर होते आणि पाणी शेजाऱ्याकडे जात होतं.

निवाड्याला अण्णांचा भाचा आला. तो पुण्यात, हिंजवडीत. अमेरिकेत 1969 साली निघालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची परीक्षा पास झालेला. त्यानं कागद पालथा केला आणि झाड काढलं. वर शेड, खाली फांद्या: पाया, कैच्या, छप्पर, पन्हाळ, शटर. "मामा, हा स्कोप. फांद्यांवर वस्तू लिहायच्या. खणणं, कापणं, जोडणं हे काम, ते त्या-त्या फांदीच्या पोटात. झाडावर आहे ते सगळं करायचं, झाडावर नाही ते करायचं नाही."

अण्णांनी झाड बराच वेळ बघितलं. मग खिशातलं पेन काढून शटरच्या शेजारी एक फांदी वाढवली आणि लिहिलं: टाकी.

"आता आहे ना झाडावर?"

भाच्यानं सांगितलं की फांदी वाढली की रक्कम वाढते, मुदतही वाढते. त्यावर अण्णांनी निळवंडे काढलं. नगर जिल्ह्यात कुठलंही काम लांबलं की शेवटी निळवंडे निघतंच. तुमची ती संस्था निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, या धरणाला मंजुरी, खर्च 7 कोटी 93 लाख. 2023 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते डाव्या कालव्यात पाणी सुटलं तेव्हा आकडा 5,177 कोटींच्या घरात. "तिथं कुणी मिस्त्रीला विचारलं? आणि माझा एक स्टँड तुम्हाला जड होतो!"

दाखला जोरदार, पण अण्णांच्याच अंगावर येणारा. निळवंड्याची भिंत उभी राहिली, पाणी अडलं, फोटो निघाले, आणि खालच्या गावांत वर्षानुवर्षं नुसती पाहणी. 182 गावांनी मागितलं होतं शेतात पाणी. भिंत हे त्यातलं काम. काम डोळ्यांत भरेल एवढं झालं होतं. ज्यासाठी केलं ते कालव्यांअभावी अडलं होतं. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तेच म्हणतोय मी, पाइप लावा."

हेच अण्णा डिस्पॅचच्या दिवशी बघावेत. कंपनीचा परचेसवाला साहेब फोनवर मऊ आवाजात सांगतो, "अण्णा, ड्रॉइंगला रिव्हिजन आलीय. विशेष नाही, एक होल वाढलंय. जॉब मशीनवर आहेच, तेवढं मारून द्या." त्या क्षणी अण्णांच्या अंगात पीओ, म्हणजे परचेस ऑर्डरचा कागद, संचारतो. होल वाढलं म्हणजे सेटिंग वाढलं, ड्रिल वेगळं, फिक्श्चर बदललं, तपासणी पुन्हा. "साहेब, हे आपल्या स्कोपमध्ये येत नाही," अण्णा ठणकावून सांगतात. शब्द भाच्याचा, पण उच्चार असा की परीक्षा त्यांनीच दिली असावी. सुधारित पीओ आल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर पडत नाही. फोन ठेवतात, बाहेर येतात आणि शिडीवरच्या वेल्डरला म्हणतात, "खाली उतरण्याआधी तेवढा बोर्डाचा हूक लावून घे रे."

ढोंग म्हणावं तर तसंही नाही. दुसऱ्याचा अर्धा दिवस आपल्याला दिसत नाही आणि स्वतःचा अर्धा तास मोजून दिसतो, एवढंच. अण्णांना तर चष्माही आहे.

नागापुरातल्या मिस्त्री मंडळींनी यावर आपापल्या परीनं उपाय काढलेत. कुणी किलोच्या दरानंच काम घेतो, म्हणजे अण्णा जितकं वाढवतील तितका काटा वाढतो. अण्णा अशांना दारात उभं करत नाहीत. यंदाच्या मिस्त्रीनं जास्त डोकं चालवलं. शेवटचा टाका मारला आणि अण्णांना बोलवायच्या आधीच मशीन, केबल, ग्राइंडर, शिडी सगळं छोटा हत्तीत भरून ताडपत्री बांधली. मग हाक मारली.

अण्णांनी शेड फिरून बघितली. पन्हाळीखालचा पाइप हातानं हलवून बघितला, शटर वर-खाली केलं. मागायला तोंड उघडलं, पण शिडी नाही, मशीन नाही, होल्डर नाही. पहिल्यांदाच अण्णा म्हणाले, "झकास झालं." बाकीची रक्कम मोजून दिली. मिस्त्रीनं नमस्कार केला, गाडीत बसला, सेल मारला.

अण्णा खिडकीपाशी आले. "मिस्त्री, गाडी नगरातच चाललीय ना?"

"हो."

"मागं थोडी जागा दिसतेय," अण्णा म्हणाले. "दोन मोटारी आहेत रिवाइंडिंगच्या. जाता जाता टाकून जा की."