पऱ्हाटी, मिक्सर अन् बिनलग्नाची सोयरीक

"मावशी, ऐकलं का? लग्न नाही, लेकरू नाही, तरी अंगातला गुण शेजारणीला देऊन मोकळी!"

"अगं बाई! देवगावातलीच का?"

"तुमच्या-माझ्या पोटातली. जंतू हो! पुतणी संभाजीनगरला मायक्रोबायोलॉजी शिकते, तिनं सांगितलं."

"मला वाटलं, वरच्या गल्लीतलं काही असंल. बरं, देतात कसं?"

"एक जंतू केसासारखी बारीक नळी टाकतो, शेजाऱ्याला जवळ ओढतो अन् जीनचा धागा त्याच्यात सोडतो. १९४६ साली अमेरिकेत लेडरबर्ग अन् टेटम यांनी हा लेनदेनीचा प्रकार उजेडात आणला. आलेला तुकडा घेणाऱ्याच्या जीनच्या माळेत जुन्याच्या जागी बसला तर टिकला, नाही तर बहुधा वाया."

"कोणता गुण आधी गेला, हे कसं कळायचं?"

"तिथंच गंमत. पॅरिसात जाकोब अन् वोलमन यांनी जोड्या जमू दिल्या अन् थोड्या थोड्या मिनिटांनी स्वयंपाकघरातला मिक्सर फिरवून तोडल्या! जितका वेळ दिला, तितके गुण पोहोचले. अख्खी माळ जायला शंभरेक मिनिटं लागतात."

"ऐन भरात मिक्सर? काय मेली माणसं!"

"हसू नका, तुमच्या पऱ्हाटीतही असंच घडलंय. मातीतला अ‍ॅग्रोबॅक्टेरियम झाडाच्या पेशीत जीन ढकलतो, त्याची नळी याच घराण्यातली. त्याच्याच हातून अमेरिकेत बोंडअळी मारणारा बीटीचा जीन कपाशीत घातला. जालन्याच्या महिकोनं तो आपल्या वाणांत उतरवला अन् २००२ साली सरकारनं परवानगी दिली."

"मग २०१७ला गुलाबी बोंडअळीनं वाटोळं कसं केलं? तिलाही शेजारणीनं शिकवलं का?"

"तिला ती सोय नाही. बीटी पचवणारी एखादी वाचते, तिचीच पिल्लं वाढतात. जितक्या पिढ्या, तितकं तिचं फावतं. अन् आपण फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपला तरी पऱ्हाटी उभी ठेवून, तिला पिढ्या पुरवतो."

"तरीच कृषी खातं फरदड नको म्हणून दरसाल ओरडतं! पण आमचे हे म्हणतात, अजून दोन वेचण्या निघतील."

"निघतील की. वेचण्या यंदाच्या अन् अळी पुढच्या सालची, एवढा हिशोब सांगा त्यांना."

"तूच सांग बाई. मी बोलायला लागले की सगळा कापूस त्यांच्या कानात असतो."