घराणं चांगलं आहे, पण…

गेल्या वर्षी आमच्या मुलीला गाणं शिकायची हुक्की आली. मी डोंबिवलीतल्या क्लासच्या पाट्या वाचत दोन संध्याकाळी फिरलो. तिसऱ्या संध्याकाळी बायको म्हणाली, "पाट्या काय वाचत बसलायस? तिसऱ्या मजल्यावर नाना आहेत ना!"

नानांकडे गेलो. त्यांनी मुलीचं नाव विचारलं नाही, इयत्ता विचारली नाही. एकदम म्हणाले, "पट्टी कुठली?"

"असेल कंपासपेटीत," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे एखाद्या बेसूर माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि कपाटातून एक जाडजूड डायरी काढली. विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाची डायरी. लाल शाईनं आखलेले रकाने: घराणं, गुरू, गुरूचे गुरू, पट्टी, फी, तबल्याची सोय, मजला. आणि शेवटी 'शेरा'. कल्याणपासून पार्ल्यापर्यंतचे गाणं शिकवणारे एकूण एक लोक त्या डायरीत होते. नाना गेली आठ वर्षं गुरूच्या शोधात होते.

मुलगी बघायला जाणारे लोक घराणं बघतात, तसं नानाही घराणंच बघत. फरक इतकाच, की लग्नाळू माणूस चार-सहा ठिकाणचे पोहे खाऊन कुठेतरी थांबतो. नाना थांबत नसत. प्रत्येक शेऱ्याची सुरुवात कौतुकानं व्हायची आणि मग 'पण' यायचा. 'ग्वाल्हेर. तालीम पक्की. पण दुपारी झोपतात.' 'किराणा. सूर लागलेला. पण फी आगाऊ.' 'जयपूर. राग अनवट. पण जिना अंधारा.' आठ वर्षांत नानांना एकही वाईट गुरू भेटला नाही आणि एकही पसंत पडला नाही.

सुरुवात झाली ती निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी. नाना उठले ते थेट मिरजेला गेले आणि तानपुरा घेऊन आले. त्याचा भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं, जवारी कारागिरानं समोर बसून काढून दिलेली. एवढी मोठी वस्तू लोकलमधून आणताना काय झालं, ते ते कधी सांगत नाहीत. डब्यातल्या लोकांनी मात्र भोपळ्याला बसायला जागा दिली आणि नानांना दिली नाही, एवढं नानींकडून कळलं. तानपुरा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खोळीत उभा राहिला. नाना रोज सकाळी खोळ काढत, तासभर तारा लावत आणि पुन्हा खोळ घालत. गात नसत. गुरूशिवाय गायचं नाही, असा त्यांचा नेम.

"पाहुणा आणून ठेवलाय," नानी म्हणायच्या. "रोज उठवतात, बसवतात, पण बोलत काही नाहीत त्याच्याशी."

पहिला गुरू ठाण्यातला. जुन्या वळणाचे बुवा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पहाटे उठून खर्ज भरायचा, सहा महिने फक्त सा. नाना घरी आले आणि त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. सा ला सहा महिने, तर शुद्ध, कोमल, तीव्र धरून बारा सुरांना सहा वर्षं. पुढे राग. "अरे, हप्ते एवढे लांब असतील, तर पॉलिसी पिकायच्या आधी पॉलिसीधारकच…" वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. बुवांकडे ते पुन्हा गेले नाहीत.

दुसरे सर अगदी उलट. पहिल्याच दिवशी नाट्यगीत. पण सरांची पेटी इतकी जोरात, की नाना गातायत की नुसतेच तोंड हलवतायत, हे समोरच्याला कळेना. खुद्द नानांनाही कळेना. त्या दिवसापासून नानांचा पेटीवर राग. "1940 साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती, माहितीय? तीसेक वर्षं होती. उगाच नाही घातली! पेटीचे सूर आधीच कापून ठेवलेले असतात, आपल्या गंधाराला तिथे जागाच नाही." नानांचा गंधार तोवर कुणीच ऐकला नव्हता, पण त्याला जागा हवी, एवढं सगळ्यांना पटलं.

तिसऱ्या ठिकाणी सामुदायिक वर्ग होता. चौदा बायका आणि नाना. सगळा वर्ग काळी चारमध्ये. नानांनी वरच्या सा ला हात घातला तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. खालच्या सप्तकात गेले तेव्हा मागच्या रांगेतल्या बाईंनी पिशवी उचलून पाहिली, मोबाइल थरथरतोय की काय म्हणून.

मग आला ऑनलाइन गुरूंचा काळ. पुण्याचे गुरुजी, अमेरिकेतले शिष्य आणि त्यांच्या मधल्या फटीत बसवलेले नाना. पहाटे साडेपाचला ते लॅपटॉपसमोर सोवळ्यातल्यासारखे बसत. पण गुरुजींचा सूर इथे पोचेपर्यंत क्षणभर जायचा, नानांचा तिथे पोचेपर्यंत आणखी एक. दोघांनी मिळून सा लावला की दोन इमारतींच्या मधे ओरडल्यासारखा व्हायचा. शिवाय त्या मीटिंगच्या अ‍ॅपला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटायची. एकसारखा आवाज आला की ते गोंगाट समजून तो पुसूनच टाकायचं. मिरजेचा तानपुरा पुसून टाकणाऱ्या यंत्राशी नानांनी त्याच दिवशी संबंध तोडले.

असं असूनही नानांची भक्ती मात्र अस्सल. जुन्या गुरु-शिष्यांच्या गोष्टी सांगताना त्यांचे डोळे भरून येत. गुरूच्या घरी शिष्यानं पाणी भरावं, ही परंपरा आपल्या पिढीत बुडाली, याची त्यांना खंत. मुलुंडच्या एका तरुण गायिकेला त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "पाणी भरायचं काम मला मिळेल का?" ती म्हणाली, "काका, सोसायटीची बोअरवेल आहे. फी तेवढी क्यूआर कोडवर टाका." शेरा: 'आवाज उत्तम. पण सेवेला वाव नाही.'

त्यांची लाडकी गोष्ट भीमसेन जोशींची. "अकरा वर्षांचं पोर! 1933 साली गदगच्या घरातून पळालं. खिशात पैसा नाही, तिकीट नाही. ग्वाल्हेरला गेलं, रामपूरला गेलं, थेट जालंधरला गेलं. कशासाठी? गुरूसाठी!" असं म्हणून ते माझ्याकडे असे बघत, की मी आजवर तिकीट काढून प्रवास केला याची मलाच लाज वाटावी.

"मग शेवटी गुरू कुठे भेटले?" मी एकदा विचारलं.

"सवाई गंधर्व. कुंदगोळला."

"ते कुठे आलं?"

नानांनी चष्मा काढून पुसला. "गदगच्या जवळच," ते म्हणाले, आणि नानींना चहा टाकायला सांगितलं.

माझ्या मुलीचं काम मात्र त्यांनी पाच मिनिटांत केलं. डायरीचं पानही उलटलं नाही. "तळमजल्यावरच्या बाईंकडे घाल. मुलांचा आवाज दामटत नाहीत. आधी सूर, मग बंदिश. परीक्षेची घाई नाही."

"एवढ्या चांगल्या आहेत, तर तुम्हीच का नाही जात?"

"तळमजला," नाना म्हणाले. "गुरूकडे माणसानं चढून जावं रे. उतरून नव्हे."

खरं तर आमच्या इमारतीतली निम्मी पोरं नानांच्या सल्ल्यानं कुठे ना कुठे शिकत होती. कुणी तबला, कुणी पियानोच्या ग्रेड देत होतं, समोरच्या विंगमधल्या सूनबाई विशारदपर्यंत पोचल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं जुळवणारा एखादा ब्रह्मचारी मामा असतो ना, तसे नाना. स्वतःचं जमत नाही असं नव्हतं. जमलं तर काय, याचीच भीती असावी, असं मला हळूहळू वाटू लागलं. गुरू मिळेपर्यंत गळा शाबूत असतो. आपल्यात एक गवय्या आहे, तो फक्त योग्य हाताची वाट बघतोय, असं म्हणता येतं. एकदा गुरू मिळाला, की गावं लागतं.

पावसाळ्यात एका संध्याकाळी बाईंचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद पडला. त्यांनी माझ्याच मुलीला वर पिटाळलं, नानांचा तानपुरा मिळेल का विचारायला. नानांनी तानपुरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा प्रश्नच नव्हता. ते स्वतः तो खांद्याला लावून तीन मजले उतरले. मी मुलीला आणायला गेलो, तेव्हा सतरंजीवर सात-आठ पोरं, बाई, आणि कडेला नाना. तारा लावून झाल्या होत्या. आठ वर्षं रोज सकाळी नुसत्या तारा लावलेला माणूस, त्यामुळे त्या खोलीत कधी नव्हे इतका सुरेल तानपुरा वाजत होता.

पोरांनी भूपाचा आरोह सुरू केला. तानपुरा छेडणारा माणूस कधीतरी गुणगुणतोच. नानांच्या नकळत त्यांच्या तोंडून सा गेला. जरासा जाडा, जरासा थरथरता, पण तारेवर बसलेला. पोरं थांबली. नाना चोरी सापडल्यासारखे झाले.

"थांबलात का?" बाई म्हणाल्या. "लागलाय तुमचा सा. पुढे चला."

दुसऱ्या दिवशी नाना जवारी बघायला खाली गेले. तिसऱ्या दिवशी दोरा सरकलाय का ते बघायला. चौथ्या दिवशी त्यांनी कारण सांगितलं नाही. मी जिन्यात विचारलं तर म्हणाले, "तात्पुरती सोय रे. भूपात म आणि नी नाहीत, कोमल-तीव्र काही नाही. पाचच सूर. ठाण्याच्या बुवांच्या हिशेबानं अडीच वर्षांत उरकेल. तोवर शोध चालू आहे."

नानींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कोपरा रिकामा झालाय. आता पाहुणा खालीच असतो, आणि हेही."

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला नाना आमच्याकडे आले. हातात 'प्रारंभिक'चा फॉर्म. माझ्या मुलीबरोबर परीक्षेला बसणार होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं विमा कंपनीच्या टपोऱ्या अक्षरात, निळ्या शाईनं. फक्त एक रकाना कोरा होता: शिक्षकाचं नाव.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले. "पार्ल्यात एक जण आहेत, आग्रा घराण्याचे. अजून भेट व्हायचीय. घाई नको ना?"

"उद्या शेवटची तारीख आहे, नाना."

ते बराच वेळ फॉर्मकडे बघत बसले. मग माझ्या मुलीला हाक मारून म्हणाले, "बाळ, तुझ्या कंपासपेटीत पेन्सिल असेल ना?"

आणि त्या रकान्यात त्यांनी बाईंचं नाव लिहिलं. पेन्सिलीनं, पण दाबून.